समोरची भिंत बघा: गोव्यात पोर्ट्रेटचं काम करणाऱ्यांसाठी

पोर्ट्रेटसाठी जागा शोधायला निघालेले बहुतेक जण पाठची भिंत शोधत फिरतात. पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीत पिवळ्या, निळ्या, गेरूसारख्या तांबड्या भिंती ओळीने मिळतात, त्यामुळे हा मोह गोव्यात जरा जास्तच. पण चेहऱ्यावर उजेड पडतो तो समोरून. समजा गल्ली तीन-चार मीटर रुंद आहे, माणूस निळ्या भिंतीला पाठ करून उभा आहे आणि समोरच्या पिवळ्या घरावर ऊन पडलंय. त्याच्या गालावर, मानेवर, कॉलरवर पिवळा रंग चढतो. आपल्या डोळ्यांना तो जाणवत नाही, कारण मेंदू तो सवयीने वजा करतो. कॅमेरा वजा करत नाही. घरी येऊन व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा तोल) ओढून चेहरा सरळ केला की पाठची निळी भिंत भडक होते, आणि ती बसवायला गेलं की चेहरा पुन्हा बिघडतो. अशा एका फोटोवर अर्धा तास सहज जातो.

म्हणून ग्राहक यायच्या आधी जागेवर जाऊन तळहाताची परीक्षा करा. माणूस जिथे उभा राहणार तिथे उभं राहा, हात चेहऱ्याच्या उंचीवर पुढे धरा, तळहात आपल्याकडे, आणि सावकाश गोल फिरा. कुठल्या दिशेला तळहातावरच्या रेषा मऊ दिसतात, कुठे बोटांच्या सावल्या कडक पडतात, कुठे त्वचा एकदम पिवळट किंवा लालसर होते, हे एका फेरीत कळतं. मग कोरा कागद तिथेच धरून एक फोटो काढा. स्क्रीनवर कागद पांढरा दिसला पाहिजे. तो रंगीत दिसला तर समोरची भिंत बदला, म्हणजे माणसाला दहा-पंधरा पावलं पुढे न्या. समोर पांढरं घर, मोकळं आभाळ किंवा रुंद चौक आला की काम होतं. तेही जमत नसेल तर चार फूट बाय तीन फुटांचा पांढरा थर्माकोल समोरून, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर धरा. जवळचा पांढरा पृष्ठभाग लांबच्या पिवळ्यावर मात करतो.

फोंतेन्हासच्या पश्चिमेला आल्तिनोची टेकडी आहे आणि पूर्वेला ओरेमची खाडी. त्यामुळे खाडीकडे तोंड केलेल्या घरांवर सकाळी थेट ऊन येतं आणि दुपार कलली की वस्ती टेकडीच्या सावलीत जाते. सावलीतला हा उजेड चेहऱ्याला चांगला, कारण तो समोरच्या मोकळ्या आभाळातून येतो. सकाळचंच काम घ्यायचं असेल तर ऊन अजून तिरकं असतानाच, आठच्या आत आटपा. इथे लोक राहतात आणि फोटोवाल्यांच्या गर्दीला कंटाळून काही घरांवर ‘फोटो काढू नये’ असे फलक लागले आहेत. दारात, पायरीवर माणूस बसवायचा असेल तर आधी दार वाजवून विचारा. नकार आला तर पुढे चला. सहा-सात जणांचा लवाजमा, कपडे बदलायचा पडदा, ब्लूटूथ स्पीकर घेऊन या गल्ल्यांत जाऊ नये, कोणाचीही परवानगी मिळाली तरी.

बाल्कांव, राजांगण आणि शिंपल्यांची खिडकी

घरी जाऊन फोटो काढायचा असेल तर गोव्यातल्या जुन्या घरांइतका तयार स्टुडिओ दुसरा नाही. बाल्कांवाला, म्हणजे दारापुढच्या ओसरीला, वर छप्पर, दोन्ही बाजूंना बसायला सोपो (बांधलेले बाक), पुढे मोकळं आंगण. छपराच्या कडेवरून पावसात पागोळ्या जिथे पडतात ती रेषा लक्षात घ्या. माणूस त्या रेषेवर बसवलात तर उजेड डोक्यावरून येतो आणि डोळ्यांखाली काळोख होतो. रेषेच्या दोन-अडीच फूट आत सरकवलंत की छप्पर वरचा उजेड कापतं, समोरच्या आभाळाचा उरतो आणि डोळ्यांत चमक येते. आणखी आत नेलं तर उजेड मंद आणि जास्त तिरका होतो. म्हाताऱ्या माणसाच्या सुरकुत्या दाखवायच्या असतील तर तेही चांगलं, पण ते ठरवून करावं.

मग जमिनीकडे बघा. बाल्कांवाची जमीन बऱ्याचदा तांबड्या सिमेंटची असते आणि आंगणात तांबडी माती. हनुवटीखाली, नाकपुड्यांत जो लालसर रंग दिसतो तो तिथून आलेला असतो. घरातली एक पांढरी चादर मागून घ्या आणि चौकटीबाहेर, पायांपुढे अंथरा. हनुवटीखालची लाली जाते आणि डोळ्यांखालची सावलीही भरून येते. तुम्ही स्वतः लाल किंवा पोपटी टी-शर्ट घालून दोन मीटरवर उभे असाल तर तोही चेहऱ्यावर उतरतो. कामाला जाताना राखाडी किंवा काळा शर्ट घालावा. समोर अगदी मधोमध उभं राहू नका, तुमची सावली पडते. एका बाजूला सरका आणि माणसाचं तोंड आभाळाकडेच राहू द्या. ८५ मिमी लेन्स, एफ २.८ (लेन्सचं तोंड किती उघडं), शटर १/२५०, आयएसओ ४०० (सेन्सरची संवेदनशीलता) इथून सुरुवात करा, मग हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) बघून बदला.

हिंदू घरांतल्या राजांगणात, म्हणजे घराच्या मधल्या चौकात, उजेड वरच्या मोकळ्या चौकोनातून येतो. भर दुपारी मधोमध कोणालाही उभं करू नका. गोवा साधारण साडेपंधरा अंश उत्तरेला आहे. मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर असतो, तेव्हा डोळ्यांच्या जागी नुसते खड्डे दिसतात. माणूस भोवतीच्या पडवीत, खांबाच्या आत बसवा आणि तोंड चौकाकडे करा. हे बाल्कांवासारखंच झालं.

शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी शाबूत असलेलं घर मिळालं तर दिवसाचं काम तिथेच करावं. शिंपला उजेड पसरवतो आणि थोडा कोमट करतो. खिडकीपासून एक मीटरवर, खांदा खिडकीकडे आणि नाक थोडं खिडकीकडे वळवून माणसाला बसवा. दुसरा गाल अगदी काळा पडत असेल तर थर्माकोल त्या बाजूने दीड-दोन फुटांवर आणा. खोलीतले दिवे बंद करा. पिवळा बल्ब किंवा स्वस्त ट्यूब चालू राहिली तर चेहऱ्याच्या दोन बाजू दोन रंगांच्या होतात आणि ते नंतर सुधारता येत नाही.

कुळागरात, म्हणजे माड-पोफळींच्या बागेत, फोटो काढायची गिऱ्हाइकांना फार हौस असते. तिथे उजेड पानांतून गाळून येतो, म्हणून चेहरा हिरवट आणि आजारी दिसतो. माड-पोफळींच्या आत शिरू नका, बागेच्या कडेला माणूस उभा करून त्याचं तोंड बाहेरच्या मोकळ्या जागेकडे ठेवा. पाठीला बाग येतेच. पणजीतल्या कांपालसारख्या मोठ्या झाडांच्या बागेत दुसराच त्रास: पानांतून उन्हाचे कवडसे पडतात आणि एक कवडसा नाकावर असला की फोटो गेला. एक मीटर व्यासाचा पांढरा पडदा वर धरायला माणूस लागतो, तो सोबत न्या.

किनाऱ्यावर सूर्य समुद्रात मावळतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास, जूनमध्ये सातनंतर. मावळायच्या आधीचा पाऊण तास हातात असतो. समुद्र मागे हवा असेल तर सूर्यही मागे येतो, म्हणून चेहऱ्यावर फ्लॅश किंवा रिफ्लेक्टर (उजेड परतवणारा फलक) लागतोच. आधी आभाळासाठी एक्स्पोजर लावा, ते एक स्टॉप खाली (म्हणजे उजेड निम्म्यावर) आणा, मग फ्लॅश वाढवत चेहऱ्यापर्यंत या. शॅकच्या (किनाऱ्यावरच्या झोपडीवजा खानावळीच्या) सावलीत बसवण्याआधी वर बघा. कापड नारिंगी असेल तर माणूस नारिंगी, निळी ताडपत्री असेल तर निळा. पावसाळ्यात घराघरांवर निळं प्लॅस्टिक चढतं, तेव्हा बाल्कांवातही हाच घोळ होतो.

दुकानाच्या मापातला स्टुडिओ

म्हापसा किंवा मडगावात भाड्याने मिळणारा गाळा पुष्कळदा दहा बाय बारा फुटांचा असतो. त्यात काय बसतं हे भाडं ठरवायच्या आधी मोजा. फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्सने डोकं आणि खांदे घ्यायला माणसापासून दीड मीटर पुरतं. पाठचा पडदा एक मीटर मागे, तुम्हाला उभं राहायला एक मीटर, म्हणजे साडेतीन मीटर. बारा फुटांत ते मावतं. पायापासून डोक्यापर्यंत फोटो घ्यायचा तर त्याच लेन्सने सव्वापाच मीटर अंतर लागतं, पडदा आणि तुम्ही धरून सव्वासात मीटर. ५० मिमीने सव्वातीन मीटरवर भागतं. छत दहा फुटांपेक्षा कमी असेल तर दिवा पुरेसा वर जात नाही आणि उंच माणसाच्या चष्म्यात तो दिसतो.

एका दिव्यावर सगळं शिका. ९० ते १२० सेंटीमीटरचा ऑक्टाबॉक्स (दिव्यावर लावायचा, उजेड मऊ करणारा अष्टकोनी कापडी डबा), चेहऱ्यापासून साधारण एक मीटर, ४५ अंश बाजूला, मध्य डोळ्यांच्या थोडा वर. बुबुळात त्याचं प्रतिबिंब दहाच्या किंवा दोनच्या काट्याच्या जागी दिसलं पाहिजे. नाकाची सावली ओठाला लागत असेल तर दिवा खाली आणा. दिवा दुप्पट लांब नेला की उजेड चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप. छोट्या गाळ्यात पाठचा पांढरा पडदा राखाडी का येतो, याचं कारण हेच: पडदा दिव्यापासून माणसापेक्षा दुप्पट लांब असतो. पडद्याला वेगळा फ्लॅश द्या आणि चेहऱ्यापेक्षा सुमारे एक स्टॉप जास्त ठेवा. त्याहून जास्त दिला तर कानांच्या कडा जळतात, म्हणजे पांढऱ्याफटक होतात. गाळ्याच्या भिंती गुलाबी किंवा पोपटी असतील तर भाडं भरल्याच्या पहिल्याच दिवशी पांढरा किंवा राखाडी रंग मारून घ्या. समोरच्या भिंतीची गोष्ट बंद खोलीतही लागू आहे.

८५ मिमी, एफ १.४ आणि दीड मीटर या जोडीत स्पष्ट भाग जेमतेम अडीच सेंटीमीटरचा असतो. जवळचा डोळा धारदार आला तर लांबचा मऊ पडतो, मान जरा वळवली की कान गायब. पैसे देणाऱ्याला दोन्ही डोळे हवे असतात. एफ २.८ वर पाच सेंटीमीटर, एफ ४ वर साडेसात मिळतात. कामाच्या फोटोला हेच वापरा. कुटुंब दोन ओळींत बसलं तर एफ ८. मोबाइलच्या वाइड लेन्सने किंवा ३५ मिमीने फूटभरावरून काढलेल्या चेहऱ्यात नाक मोठं आणि कान छोटे दिसतात. तो दोष अंतराचा आहे, म्हणून कुठलीही लेन्स असो, दीड मीटरच्या आत जाऊ नका.

पासपोर्ट-व्हिसाच्या फोटोंना कमी लेखू नका. तारवटी (जहाजावर नोकरी करणारे), परदेशी निघालेली मुलं, कागदपत्रं करणारी कुटुंबं ही गिऱ्हाइकं बारा महिने येतात आणि गाळ्याचं भाडं त्यातून सुटतं. अमेरिकेच्या व्हिसाला दोन इंच बाय दोन इंच, चष्म्याशिवाय. शेंगेनला ३५ बाय ४५ मिमी, चेहरा उंचीच्या ७० ते ८० टक्के. माप भिंतीवर लिहून ठेवा आणि नियम बदलला का, हे संबंधित देशाच्या संकेतस्थळावर बघत जा.

माणूस समोर बसल्यावर

गोव्यात गिऱ्हाईक बहुधा दुचाकीवर येतं. कपाळावर हेल्मेटची तांबडी रेघ, केस चपटे, नाकावर घाम. लगेच कॅमेरा उचलू नका. पंख्याखाली पंधरा मिनिटं बसवा, पाणी द्या, तेवढ्यात कपडे आणि फोटो कुठे वापरायचाय हे बोलून घ्या. रेघ तोवर उतरते. घाम रुमालाने पुसला तर त्वचा लाल होते. टिश्यू दाबून उचलायचा, मग बिनरंगी पावडरचा हलका हात कपाळ, नाक आणि हनुवटीवर. दमट हवेत दर दहा मिनिटांनी हे पुन्हा करावं लागतं.

चष्म्यात दिवा दिसत असेल तर दिवा वर चढवा, हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा, आणि चष्म्याच्या काड्या कानांवरून बोटभर वर उचला. काच जरा खाली झुकते आणि प्रतिबिंब निघून जातं. बारीक चौकटींच्या शर्टावर कॅमेऱ्यात रंगीत लाटा उमटतात, तो बदलायला सांगा. कुणबी साडीच्या मोठ्या चौकटींना तो त्रास नाही. केसांत आबोली किंवा शेवंती माळली असेल तर मान थोडी वळवा, नाहीतर फुलं डोक्यामागे लपतात आणि माळणाऱ्या बाईला नेमकं तेच आवडत नाही.

‘स्माइल द्या’ म्हटलं की चेहरा ताठरतो. तोंडी सूचनांपेक्षा स्वतः करून दाखवा, समोरचा माणूस आरशासारखी नक्कल करतो. “काका, कपाळ माझ्याकडे आणा, थोडं पुढे. आता हनुवटी जरा खाली.” एवढ्याने हनुवटीखालचं मांस जातं. करताना त्यांना विचित्र वाटतं, म्हणून पहिलाच चांगला फोटो लगेच स्क्रीनवर दाखवा. वजन मागच्या पायावर, पुढचा गुडघा सैल, हातांना काहीतरी काम. कोणी कोकणीत मोकळं होतं, कोणी मराठीत, कोणी इंग्रजीत. भाषा त्यांनी निवडू द्यावी.

पहिल्या कम्युनियनच्या (ख्रिस्ती मुलांच्या धार्मिक विधीच्या) किंवा लग्नाच्या पांढऱ्या पोशाखात नेहमीचा अडसर असा: चेहऱ्याला उजेड पुरेसा दिला की कापडाची नक्षी जळते, कापड सांभाळलं की चेहरा काळवंडतो. पोशाखाची जास्त रुंद बाजू दिव्यापासून दूर वळवा आणि दिव्याचं तोंड चेहऱ्याच्या थोडं पुढे रोखा, म्हणजे छातीवर त्याची नुसती कड पडते. रॉ फाइल (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) घ्या आणि कापडावर तपशील उरेल असं एक्स्पोजर ठेवून चेहरा नंतर अर्धा स्टॉप उचला. ‘जरा गोरं करा’ ही मागणी येतेच. पुळी, ओरखडा, डासाचा चावा काढा. तीळ, व्रण आणि रंग तसाच राहू द्या. सावळी त्वचा उजळायची नसते, तिला नीट उजेड द्यायचा असतो, आणि तसा दिला की फोटो बघून ती मागणी बहुतेक वेळा आपोआप बंद होते. आपल्या लेकीला स्वतःचा चेहरा फोटोत ओळखू येणं हा तिचा हक्क आहे.

पैसे आणि कागद

दर शेजारच्या स्टुडिओकडे बघून ठरवू नका. एक उदाहरण: भाडं १४,०००, वीज ३,५००, कॅमेरा-लेन्स-दिव्यांची झीज ५,००० (तीन लाखांचं सामान पाच वर्षांत), सॉफ्टवेअर, डिस्क आणि इंटरनेट २,५००, प्रवास व किरकोळ ४,०००, स्वतःचा पगार ३१,०००. महिन्याला ६०,०००, वर्षाला ७,२०,०००. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत महिन्याला १५ कामं, पावसाच्या चार महिन्यांत ६, म्हणजे वर्षाला १४४. भागाकार ५,०००. याच्या खाली घेतलेलं प्रत्येक काम खिशातून जातं. तासाभराच्या शूटमागे तयारी, निवड आणि रिटच धरून पाच तास जातात, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. निम्मे पैसे तारीख ठरवताना घ्या, बाकीचे मोठ्या फाइल देण्याआधी. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की सेवेला जीएसटीची नोंदणी लागते.

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम १७ नीट वाचा. पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून फोटो काढला आणि वेगळा करार नसेल, तर त्याचा पहिला मालक पैसे देणारा असतो, काढणारा नाही. म्हणून एक पानी करार करा: हक्क कोणाकडे, फोटो तुमच्या पानावर टाकता येईल का, किती फोटो, किती दिवसांत, किती दुरुस्त्या. मूल असेल तर पालकांची सही. सही शूटच्या आधी घ्यावी, नंतर कोणी देत नाही.

जुन्या गोव्यातली बॉम जेझसची बासिलिका आणि से कॅथेड्रल ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणातली स्मारकं आहेत. तिथे दिवे-तिपाई लावून धंद्याचं शूट करायला त्या खात्याची आगाऊ परवानगी लागते. देवळात देवस्थान समितीला, चर्चमध्ये फादरना विचारा. जाहिरातीसाठी मोठं चित्रीकरण असेल तर एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवाकडे जा.

दमट हवा

लेन्सला बुरशी पावसाळ्यात लागते. ड्राय कॅबिनेट ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर ठेवा. ते परवडत नसेल तर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की तापवून वाळवा. चामड्याच्या केसमध्ये लेन्स ठेवू नका, बुरशी तिथूनच सुरू होते. एसी खोलीतून बाहेर पडताच काच धुक्याने भरते, म्हणून शूटच्या अर्धा तास आधी बॅग बंद ठेवूनच बाहेर आणा. किनाऱ्यावरून आल्यावर आधी ब्लोअरने वाळू उडवा, मग किंचित ओल्या कापडाने बॉडी पुसून लगेच कोरडी करा. नुसत्या कोरड्या कापडाने पुसलं तर मीठ आणि वाळू काचेवर घासली जाते.

वीज जाते-येते तेव्हा स्टुडिओ फ्लॅशचा प्लग काढा. कॉम्प्युटरला यूपीएस असावा. फाइलींच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरात.

प्रिंटही याच हवेत राहणार आहे. १२ बाय १८ इंचांच्या प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, तेवढी फाइल आहे का ते बघून मगच माप कबूल करा. फ्रेमवाल्याला सांगा की फोटो काचेला टेकता कामा नये, मधे दोन-तीन मिलिमीटर जाडीचा माउंट बोर्ड घालायचा आणि पाठीमागची फट टेपने बंद करायची. टेकलेला फोटो दोन पावसाळ्यांत काचेला चिकटू शकतो, आणि तो सोडवताना आधी चेहऱ्यावरचीच शाई निघते.